मधमाशीचे बलुते

वैशाख सरत आला की जामखेड तालुक्यातल्या खर्ड्याच्या माळावर उन्हाचे निर्विवाद राज्य असते. बालाघाटच्या उतारावरचे गवत केव्हाच पांढरे पडलेले असते, विहिरींनी तळ गाठलेला असतो आणि नांगरून ठेवलेली काळी राने आभाळाकडे तोंड करून पडलेली असतात. ऊसतोडीला गेलेली माणसे पाडव्याच्या आगेमागे परतलेली असतात, लग्नसराईचा शेवटचा जोर चाललेला असतो आणि चार-पाच दिवसांवर आलेल्या रोहिणीची वाट घराघरांत पाहिली जात असते. नेमक्या याच दिवसांत, २० मे रोजी, जगभर मधमाशी दिन पाळला जातो. आपल्या पंचांगात या दिवसाची नोंद नाही, त्याला कुठला नैवेद्य नाही, कुठली ओवी नाही. तरीही जिच्या येण्याजाण्यावर आपल्या कितीतरी पिकांची फळधारणा अवलंबून आहे, तिची आणि तिला सांभाळणाऱ्या माणसाची वर्षातून एकदा विचारपूस व्हावी, यात वावगे काहीच नाही.

हा दिवस आपल्याकडे आला तो फार लांबून. आल्प्सच्या कुशीतल्या स्लोव्हेनियात १७३४ साली आंतोन यांशा नावाचा एक मधपाळ जन्मला आणि पुढे व्हिएन्नात, राणी मारिया थेरेसाच्या काळात, त्याने मधमाश्या पाळण्याची विद्या शिकवली. त्याच्या स्मरणार्थ स्लोव्हेनियाने २० मे ही तारीख सुचवली, संयुक्त राष्ट्रांनी डिसेंबर २०१७ मध्ये ती मान्य केली आणि २०१८ पासून हा दिवस सुरू झाला. यांशाच्या मुलखात मे महिना म्हणजे कुरणे फुलण्याचा, पोळी भरण्याचा, वसाहती वाढण्याचा काळ. आपल्याकडे मात्र हाच महिना मधमाशीच्या उपासाचा. कडुलिंबाचा फुलोरा झडून गेलेला असतो, करंजाचा बहर ओसरलेला असतो आणि बाभळीला पिवळी फुले यायची तर आधी पाऊस पडावा लागतो. तिकडे जो दिवस भरल्या पोळ्यांचा, तो इकडे रिकाम्या चौकटींचा. आणि हिशेब मांडायचा तर घडा रिकामा असतानाच मांडावा, तेव्हा तो खरा निघतो.

या दिवसांत जाणता मधपाळ पेटी उगाच उघडत नाही, कारण झाकण काढले की आतला गारवा निघून जातो. तो पेटीच्या मागच्या कडेखाली हात घालतो आणि ती बोटभर उचलून पाहतो. माघात दोन्ही हातांनी हलत नव्हती ती पेटी आता एका हाताने उचलली जाते, आणि आत काय उरले आहे ते त्या हलकेपणावरून त्याला कळते. मग संध्याकाळी साखरेचा पाक करायचा, किलोभर साखरेला लिटरभर पाणी, आणि तो दिवस मावळल्यावरच पेटीत ठेवायचा. उजेडी ठेवला तर वासाने शेजारच्या पेटीतल्या माश्या लुटीला येतात आणि दोन वसाहतींत अशी जुंपते की सकाळी दारात मेलेल्या माश्यांचा सडा दिसतो. पेटीच्या घोडीचे चारही पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवायचे, म्हणजे मुंग्या चढत नाहीत. वर ओले पोते टाकायचे, नाहीतर बेचाळीस अंशांच्या पुढे मेण मऊ होऊन पोळे ओघळते. जवळ एका परातीत पाणी आणि त्यात खडे ठेवायचे, कारण माशीला पाणी प्यायला बसायला जागा लागते आणि तेच पाणी नेऊन ती पोळे थंड ठेवते. असे दिवस इथे दोन-तीन महिने चालतात. पावसाळ्यात झड लागली की पुन्हा तीच गत. या काळात पेटी काही देत नाही, ती फक्त मागते.

मधमाशीपालन हा चांगला जोडधंदा आहे, हे वाक्य आपण इतक्या वेळा आणि इतक्या व्यासपीठांवरून ऐकले आहे की ते तपासून पाहण्याची सवयच गेली. शेतीवर भार नाही, जागा फार लागत नाही, चारा आणावा लागत नाही, हे सगळे खरे. पण खर्ड्यासारख्या कोरडवाहू मुलखातल्या एखाद्या तरुणाने केवळ याच्या भरवशावर संसार उभा करायचा म्हटले, तर काय हाती लागेल? एक हिशेब उदाहरणादाखल मांडून पाहू.

समजा, त्याच्याकडे मेलिफेरा जातीच्या पन्नास पेट्या आहेत. माश्या, राणी, चौकटी आणि पेटी मिळून एक संच साडेचार हजारांना धरला तर भांडवल झाले सव्वादोन लाख. वर्षाकाठी पेटीमागे पंधरा किलो मध निघाला तर साडेसातशे किलो, आणि घाऊक व्यापाऱ्याने किलोला एकशे वीस रुपये दिले तर नव्वद हजार. आता खर्च. उपासाच्या महिन्यांत पेटीमागे दहा किलो साखर म्हटली तरी पाचशे किलो, म्हणजे एकवीस हजार. फुलोऱ्यामागे वर्षातून तीनदा पेट्या हलवायच्या, तर टेम्पो, चढ-उतार आणि सोबतीचा गडी धरून तीस हजार. उरले एकोणचाळीस हजार. पन्नासातल्या दहा वसाहती मेणकिड्याने, कोळ्यांनी किंवा फवारणीने खचल्या, तर त्या उभ्या करायला प्रत्येकी दोन हजारांप्रमाणे आणखी वीस हजार. उरले एकोणीस हजार, आणि तेही सबंध वर्षाचे. महिन्याला सोळाशे रुपयेसुद्धा पडत नाहीत. त्यात भांडवलावरचे व्याज धरलेले नाही, स्वतःची मजुरी धरलेली नाही आणि रात्र-रात्र जागून केलेला प्रवासही धरलेला नाही. आकडे थोडे इकडे-तिकडे होतील, हात बसलेला मधपाळ पंधराऐवजी पंचवीस किलोही काढील. पण केवळ मधावर घर चालवण्याची गोष्ट अवघड आहे, एवढे या हिशेबातून स्पष्ट दिसते.

मधाला तरी नीट भाव मिळावा, तर तिथे वेगळीच अडचण आहे. आपल्या देवघरात पंचामृत करताना दूध, दही, तूप, मध आणि साखर अशी पाच द्रव्ये घेतली जातात. मध आणि साखर ही दोन वेगळी अमृते आहेत, ही गोष्ट आपल्या आजीला कुणी सांगावी लागली नव्हती. बाजार मात्र ती विसरला. डिसेंबर २०२० मध्ये दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्न्मेंट या संस्थेने देशातल्या तेरा ब्रँडचे मध तपासले आणि सगळ्या चाचण्यांतून त्यांतले केवळ तीन उतरले. बाकीच्यांत साखरेचे असे पाक मिसळलेले आढळले की नेहमीच्या तपासणीत ते सापडूच नयेत. ज्या मालात निम्मा पाक आहे तो स्वस्त विकणे परवडते, आणि ज्याने माशीकडून घेतला त्याला त्याच भावाला यावे लागते. उत्तरेतल्या मधपाळांना पूर्वी किलोला दीडशेच्या घरात मिळणारा भाव त्या सुमारास साठ-सत्तरवर आला होता. निर्यातीत भाव फार कोसळू नये म्हणून मार्च २०२४ मध्ये केंद्र सरकारला टनामागे दोन हजार डॉलर अशी किमान किंमत ठरवून द्यावी लागली, यावरूनही घसरणीचा अंदाज येतो. सणावाराला आपण दुकानातून बाटली उचलतो तेव्हा ती कुठल्या रानातली, कुठल्या फुलांची, कुणाच्या पेटीतली, हे विचारत नाही. आंबा घेताना विचारतो, गूळ घेताना विचारतो, ज्वारी घेताना तर हातात घेऊन पाहतो. मधाच्या बाबतीत ही चौकशी आपण का सोडली, याचा विचार घरोघरी व्हायला हवा.

पण भाव सुधारला तरी प्रश्नाचे मूळ तिथे नाही. माशी फुलावर जाते ती मकरंदासाठी आणि परागासाठी. जाता-येता ती एका फुलाचा पराग दुसऱ्याला नेऊन पोचवते आणि रानात दाणा भरतो, फळ धरते. तिने केलेल्या कामातला सर्वांत लहान वाटा पेटीत येतो, मोठा वाटा शेतातच राहतो. मधपाळाला पैसे मिळतात ते त्या लहान वाट्याचे.

आपल्या जिल्ह्यात हे समजून घ्यायला कांद्याच्या डेंगळ्यांसारखे दुसरे उदाहरण नाही. शाळेच्या पुस्तकात खर्डा येतो तो ११ मार्च १७९५ रोजी मराठे आणि निजाम यांच्यात झालेल्या लढाईमुळे. भुईकोटाचे बुरूज आजही त्या दिवसाची आठवण देत उभे आहेत. मात्र जिल्ह्याच्या शिवाराला मार्च ओळखीचा आहे तो डेंगळ्यांच्या पांढऱ्या गोंड्यांसाठी. बियाण्याचा कांदा कार्तिकात लावला जातो आणि माघ-फाल्गुनात त्याच्या डेंगळ्यांना शेकडो बारीक फुलांचे गोंडे येतात. या फुलाची रचना अशी की त्यातला पराग आधी तयार होतो आणि स्त्रीकेसर मागाहून; त्याच फुलाला स्वतःच्या परागाचा उपयोग होत नाही. पराग बाहेरून यावा लागतो आणि तो आणणारे कुणीतरी लागते. वाऱ्याच्या भरवशावर हे काम होत नाही. पुन्हा कांद्याचा मकरंद माशीला फारसा आवडत नाही, त्यात पोटॅशियम जास्त असते. शेजारी करडई किंवा मोहरी फुललेली असली तर ती तिकडे वळते. म्हणून डेंगळ्यांची थोडी फुले उमलल्यावरच रानात पेट्या आणून ठेवायच्या, त्याआधी नाही, हे शहाणपण जाणत्या बियाणे उत्पादकांना अनुभवाने आले आहे. एकरी तीन-चार पेट्या ठेवल्या आणि बियाण्यात दहा टक्क्यांची जरी भर पडली, तर दोन क्विंटल बी देणाऱ्या एकरात वीस किलो बी वाढते. किलोला हजार रुपये धरले तरी वीस हजार. चार पेट्यांचे भाडे प्रत्येकी दीड हजारांप्रमाणे सहा हजार होते.

आता मघाच्या तरुणाचा हिशेब पुन्हा पाहा. त्याच्या पन्नास पेट्या एका हंगामात दीड हजारांप्रमाणे भाड्याने गेल्या, तर पंचाहत्तर हजार रुपये वाढतात. एकोणीस हजारांचे चौऱ्याण्णव हजार होतात. एवढ्याने घर तालेवार होत नाही, पण धंदा तग धरतो. पुढे डाळिंबाचा बहर, टरबुजाचे वेल, शेवगा, सूर्यफूल असे दुसरे-तिसरे रान मिळाले, तर मध ही वरकड कमाई होते. अमेरिकेत कॅलिफोर्नियाच्या बदाम बागांमध्ये दर फेब्रुवारीत देशभरातून लाखो पेट्या ट्रकांनी येतात आणि बागाईतदार पेटीमागे दोनशे डॉलरच्या आसपास भाडे मोजतात. तिथल्या कित्येक मधपाळांना मधापेक्षा या भाड्यातच अधिक मिळते. आपल्याकडेही बियाण्याच्या कांद्याला आणि डाळिंबाला पेट्या भाड्याने घेण्याची रीत सुरू झाली आहे. ती अजून थोड्यांचीच आहे, आणि पुष्कळदा उलटाच व्यवहार होतो. पेट्या रानात ठेवायला परवानगी दिली म्हणून शेतकरीच मधपाळाकडून मधाच्या बाटल्यांची अपेक्षा करतो.

आपल्या गावगाड्यात कामाचा मोबदला देण्याची एक जुनी रीत होती. सुताराने वर्षभर औते भरली, लोहाराने फाळ शेवटला, कुंभाराने मडकी दिली, की सुगीला खळ्यावर रास झाल्यावर त्यांचे बलुते आधी मोजले जाई आणि मग धान्य घरी येई. त्या व्यवस्थेतली जातीची उतरंड आणि तिने केलेला अन्याय आपण विसरता कामा नये, आणि ती परत यावी असे कुणीही म्हणणार नाही. पण ज्याच्या कामामुळे रास उभी राहिली त्याचा वाटा राशीतून निघाला पाहिजे, ही तिच्यातली जाण मोलाची होती. मधमाशी आज आपल्या शिवारातली अशी कामकरी आहे की तिचे बलुते कुणीच मोजत नाही. आपण तिला भाऊबंदांत धरत नाही आणि मजुरांतही धरत नाही. तिच्या मालकाला मधाचा व्यापारी धरतो, आणि त्याचा मध महाग म्हणून घासाघीस करतो.

मोबदला राहो, निदान घातपात तरी होऊ नये. फूल लागलेल्या रानात भर सकाळी फवारा सुरू झाला की त्या शिवारातल्या पेट्यांसमोर तासा-दोन तासांत माश्यांचे खच पडतात. काही लांब जाऊन मरतात आणि पेटी आतून विरळ होत जाते. इमिडाक्लोप्रिड, थायमेथोक्झाम ही नावे आपल्या कृषी केंद्रांतून रोज उच्चारली जातात. माश्यांवर होणाऱ्या परिणामांमुळे युरोपने २०१८ मध्ये त्यांचा उघड्या रानातला वापर बंद केला. आपल्याला किडीशी लढायचे आहे, पीक वाचवायचे आहे, हे कुणी नाकारत नाही. पण माश्या पेटीत परतल्यावर, सूर्य कलल्यावर फवारावे, आदल्या दिवशी पेट्यांच्या मालकाला कळवावे म्हणजे तो दारे बंद करील, एवढे करायला पैसा लागत नाही. आज कुणाची गाय विजेने दगावली तर पंचनामा होतो; फवाऱ्याने पन्नास पेट्या ओस पडल्या तर त्या कागदावर त्यांना सहसा रकानाही नसतो, आणि बँकेत तारण म्हणून पेटी दाखवली तर साहेब ती उघडूनही पाहणार नाही.

फुलेही कमी झाली आहेत. करडई, कारळा, तीळ, सूर्यफूल ही पिके एकेकाळी आपल्या मुलखात मिसळीने घेतली जात. ज्वारीच्या रानात करडईचे काटेरी पाटे असत. आता जिथे पाणी आहे तिथे ऊस आला, जिथे नाही तिथे सोयाबीन. उसाच्या हिरव्या समुद्रात मधमाशीला घोटभर मकरंद मिळत नाही. बांधावरची बोर, हिवर, बाभूळ, करंज ही झाडे बांध कोरताना गेली आणि तिथे तार आली. म्हणून पेट्यांना फुलांमागे फिरावे लागते. संध्याकाळी माश्या घरी परतल्या की दारे जाळीने बंद करायची, रात्रीतून टेम्पो हाकायचा आणि उजाडायच्या आत नव्या रानात पेट्या उतरवायच्या. कधी मराठवाड्यात, कधी नाशिककडे, आणि ज्यांचा पल्ला मोठा ते थेट राजस्थानातल्या मोहरीपर्यंत. जामखेड-पाथर्डीच्या माणसाला हे नवीन नाही. दसरा-दिवाळी झाली की इथली कुटुंबे बैलगाड्या, ट्रॅक्टर जुंपून कारखान्यांच्या दिशेने निघतात. पोटासाठी घर सोडावे लागणे काय असते, ते या मातीला पुरते ठाऊक आहे, आणि म्हणूनच मधपाळाची गाऱ्हाणी इथे कान देऊन ऐकली जातील असा विश्वास वाटतो.

सरकारने काही केले नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. पुण्यात १९६२ पासून केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था आहे. महाबळेश्वरला राज्य खादी व ग्रामोद्योग मंडळाचे मध संचालनालय आहे, त्याच्या मधकेंद्र योजनेत निम्मे अनुदान मिळते, प्रशिक्षण मिळते आणि मध खरेदीची सोय होते. महाबळेश्वर तालुक्यातले मांघर मे २०२२ मध्ये देशातले पहिले मधाचे गाव म्हणून जाहीर झाले आणि त्याचे कौतुक आपण सगळ्यांनी केले. केंद्राने मधमाशीपालनासाठी पाचशे कोटींची राष्ट्रीय मोहीम आखली. पण मांघरला जंगल आहे, पाऊस आहे, सातेरी माशीला साजेसा गारवा आहे आणि पिढ्यान्‌पिढ्यांचा हात आहे. ते जसेच्या तसे उचलून बालाघाटच्या माळावर आणता येणार नाही. इथली माशी फिरती असणार, इथला आधार शेत असणार. इथे योजना द्यायची तर पेटीच्या अनुदानाइतकेच लक्ष परागीभवनाच्या भाड्याकडे, वाहतुकीकडे आणि उपासाच्या महिन्यांतल्या खेळत्या भांडवलाकडे द्यावे लागेल. पहिल्याच उन्हाळ्यात साखरेला पैसे नाहीत म्हणून ज्याच्या पेट्या ओस पडतात, त्याच्या घरात अनुदानाची रिकामी खोकी तेवढी उरतात. राहुरीचे महात्मा फुले कृषी विद्यापीठ आपल्याच जिल्ह्यात आहे. कांदा बियाण्याच्या शिफारशींत वाणाचे नाव आणि खताची मात्रा जशी ठळक असते, तशी एकरी पेट्यांची संख्याही ठळकपणे शेतकऱ्याच्या हाती पोचावी, एवढी अपेक्षा त्याच्याकडून ठेवणे गैर नाही.

मधमाशी दिनानंतर पाच दिवसांनी रोहिण्या लागतात, मग मृग येतो, पेरण्यांची घाई उडते आणि मधमाशीचा विषय पुढच्या मेपर्यंत मागे पडतो. तो तसा पडू द्यायचा नसेल तर गावाला दोन संधी हाताशी आहेत. पाऊस पडताच बांधावर काय लावायचे ते ठरवताना करंज, शेवगा, बोर, जांभूळ, कडुलिंब यांना जागा ठेवावी. यातली बरीचशी झाडे एकदा जगली की पाणी मागत नाहीत आणि फुलायचे दिवसही वेगवेगळे असल्याने माशीच्या रिकाम्या महिन्यांची खिंडारे बुजवतात. आणि १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत, कांद्याची लागण व्हायला दोन-अडीच महिने असताना, बियाणे घेणारे शेतकरी आणि पेट्या असणारे मधपाळ यांना समोरासमोर बसवावे. कुणाच्या रानात किती पेट्या, किती दिवस, भाडे किती आणि त्यातले निम्मे आगाऊ द्यायचे का, फवारणीची खबर आदल्या संध्याकाळी कुणी कुणाला द्यायची आणि न देता फवारले तर नुकसान कुणी सोसायचे, हे तिथेच कागदावर उतरवून दोघांच्या सह्या घ्याव्यात.